रंगीत गोंदण

पेसाह संपून उन्हे तापू लागली की आपल्या या देशात बाह्या आखूड होतात आणि तरुण मुलामुलींच्या दंडांवर, पोटऱ्यांवर, मानेवर हिवाळाभर झाकून राहिलेली चित्रे बाहेर पडतात. बेरशेबाच्या बसमध्ये बसावे नि नुसते पाहत राहावे. एकाच्या दंडावर सिंह, दुसऱ्याच्या मनगटाभोवती काटेरी वेल, तिसरीच्या घोट्यावर चिमुकले फुलपाखरू. ही झाली जुनी तऱ्हा. हल्ली आम्हांला निराळीच चित्रे दिसू लागली आहेत. सुपाचा डबा, लालभडक ओठ, पिवळेजर्द केळे, डोळ्यांतून टपोरे निळे अश्रू गाळणारी कॉमिकमधली सुंदरी, हातपाय फेकीत नाचणारी बिनचेहऱ्याची माणसे! रंग असे की होळीच्या दुसऱ्या दिवशीची मुंबई आठवावी. ह्याला ‘पॉप आर्ट’ टॅटू म्हणतात, असे आमच्या नातीने आम्हांला शिकवले.

शिकवले ते अर्थात उगीच नव्हे. लष्करातून सुटून आल्यावर तिला स्वतःच्या अंगावर असेच एक चित्र काढून घ्यावयाचे होते, आणि त्यावरून आमच्या घरात चार महिने जे चालले त्याला वाद म्हणावे की संशोधन, हे अजून ठरलेले नाही. पुष्कळ वाचकांच्या घरी हाच प्रश्न आज ना उद्या येणार आहे. काहींच्या घरी येऊन, न विचारता, दंडावर बसलाही असेल. म्हणून हे लिहीत आहो.

पहिली गोष्ट धर्माची, कारण आमच्या दिरांनी ती पहिल्याच दिवशी काढली. ‘वहिनी, तोरात मना आहे. आणि उद्या हिला कबरस्तानात घेणार कोण?’ ह्यातला पहिला भाग खरा आहे आणि तो आम्ही नातीपासून लपवला नाही. वय्यिक्राच्या १९ व्या अध्यायात, २८ व्या वचनात अंगावर कोरून लिहिण्यास स्पष्ट बंदी आहे. गंमत अशी की टॅटूला हिब्रूत ‘कअकुआ’ म्हणतात तो शब्दही त्याच वचनातल्या शब्दावरून आलेला. म्हणजे आमची पोरे ही गोष्ट करतात ती तिच्या बंदीचेच नाव घेऊन! मिश्नात, मक्कोत ह्या भागाच्या तिसऱ्या अध्यायात, ह्याची अधिक फोड आहे. नुसते वरून लिहिले तर दोष पुरा होत नाही, नुसते टोचले तरी होत नाही. टोचणे आणि शाई भरणे दोन्ही व्हावी लागतात. म्हणून आपल्या लग्नातली मेहंदी चालते. ती कातडीच्या वर राहते आणि आठ-पंधरा दिवसांत निघून जाते. आम्ही नातीला मेहंदी सुचवून पाहिली. ती म्हणाली, ‘आजी, मला पंधरा दिवसांचे नको आहे.’

दिरांच्या म्हणण्याचा दुसरा भाग मात्र खरा नाही. टॅटू असलेल्या माणसाला ज्यू कबरस्तानात जागा मिळत नाही ही समजूत आपल्यातच नव्हे, साऱ्या जगातल्या ज्यू लोकांत पसरलेली आहे, पण हलाखात तिला आधार नाही. जो नियम मोडला तो मोडला, तेवढाच त्याचा हिशेब. त्यापायी कोणाचे दफन अडत नाही. ज्या घरांत ह्या भीतीने आया-आज्या रडत असतील त्यांनी डोळे पुसावेत. रडण्याला दुसरी कारणे पुष्कळ आहेत.

आमचे लहानपण रेवदंड्याकडे गेले. शेजारच्या आगरी-कोळी बायकांच्या हनुवटीवर हिरवे ठिपके असत, हातावर तुळशीवृंदावन, विंचू, नाहीतर देवाचे नाव. गोंदणारीण दारात बसे, काजळी पानांच्या रसात कालवून हातातल्या सुयांनी टोची, आणि पोरगी किंचाळू लागली की बाकीच्या बायका मोठ्याने गाणे म्हणत. आमच्या आजीच्या अंगावर मात्र एक टिपकाही नव्हता. शनिवारी घाणा बंद ठेवणारे आम्ही तेली, आणि गोंदण न करणारे आम्ही, अशी आमच्या आळीत आमची ओळख होती. शेजारच्या आज्या म्हणत की मेल्यावर माणसाबरोबर एकच दागिना जातो, तो गोंदण; सोने तर सुना काढून घेतात. दिरांची भीती ऐकताना आम्हांला हे बोलणे आठवले. तेच गोंदण, एका आळीत ते माणसाला परलोकी पोचवते आणि शेजारच्या घरात कबरीच्या दारातून परत पाठवते!

आता ह्या पॉप आर्टकडे वळू. हा प्रकार आम्ही समजत होतो तसा कालच्या पोरांचा मुळीच नाही. तो आमच्याच वयाचा निघाला. १९५६ साली लंडनमध्ये रिचर्ड हॅमिल्टन ह्या चित्रकाराने मासिकांतल्या जाहिराती कापून, चिकटवून एका आधुनिक घराचे चित्र केले. १९६२ साली अँडी वॉरहॉलने लॉस एंजेलिसमध्ये सुपाच्या डब्यांची ३२ चित्रे मांडली, एकेका चवीच्या सुपाचे एकेक. लोक हसले, चिडले. ह्यात कला कसली, असे विचारू लागले. कला एवढीच की वाण्याच्या दुकानात, वर्तमानपत्रात, भिंतीवरच्या जाहिरातीत आपण जे रोज पाहतो आणि पाहत नाही, ते मोठे करून, भडक रंगवून पुन्हा समोर ठेवायचे. ह्याच वॉरहॉलने १९८० साली विसाव्या शतकातल्या दहा ज्यू व्यक्तींची चित्रमाला केली, त्यात आपल्या गोल्डा मेयरबाईही आहेत.

तिसरे मोठे नाव रॉय लिक्टेनस्टाइन ह्यांचे. हे १९२३ साली न्यूयॉर्कच्या एका ज्यू घराण्यात जन्मले. कॉमिकमधली एखादी चौकट उचलून ते भिंतीएवढी रंगवीत. जाड काळी रेघ, लाल-पिवळा-निळा असे सपाट रंग, आणि चेहऱ्यावर छापखान्यात पडतात तसे ओळीने ठिपके. हे ठिपके बेंजामिन डे नावाच्या अमेरिकन मुद्रकाने १८७९ च्या सुमारास काढलेल्या युक्तीचे. कमी रंगात जास्त छटा दाखवायची, म्हणजे छपाई स्वस्त पडते. ज्यांना लिक्टेनस्टाइनचे काम पाहायचे असेल त्यांनी अमेरिकेला जाण्याचे कारण नाही. तेल अवीवच्या कलासंग्रहालयात शिरताच प्रवेशदालनात त्यांनी १९८९ साली केलेले भलेमोठे भित्तिचित्र आहे. आम्ही नातीबरोबर जाऊन पाहून आलो. मान दुखेपर्यंत वर पाहिले आणि मनात आले की हे तर आमच्या माहेरच्या भिंतीवर होते!

म्हणजे काय ते सांगतो. आपल्या बेने इस्रायलांच्या घरोघरी रथात बसून स्वर्गी जाणाऱ्या एलियाहू हन्नावींचे छापील चित्र असे, अजूनही असते. आमच्या माहेरच्या चित्रात ढग जांभळे होते, ज्वाळा हळदीसारख्या पिवळ्या, घोडे निळसर पांढरे. जवळ जाऊन पाहिले की ठिपकेच ठिपके. कॅलेंडरांवर, आगपेट्यांवर, बिस्किटांच्या पुड्यांवर तेच रंग. चित्र स्वस्तातले, पण त्याखाली मलिद्याचे ताट ठेवले की अंगावर काटा उभा राही. तेव्हा रोजच्या स्वस्त छपाईत मोलाचे काही असते हे आम्हांला कोणा वॉरहॉलने सांगावे लागले नाही.

आमचे हे बोलणे नातीने फारच मनावर घेतले. दुसऱ्याच दिवशी तिने फोनवर एलियाहू हन्नावींचा रथ काढून आणला, गुलाबी घोडे, हिरव्या ज्वाळा, चार चौकटींत चार रंगसंगतींत, वॉरहॉलसारखा. चित्र सुरेख होते. आम्ही साफ नाही म्हटले. ज्यांच्या नावाने आपण नवस बोलतो, ज्यांचा रथ अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकाला टेकून वर गेला असे आपले पूर्वज मानीत आले, त्यांना नहाणीघरात, समुद्रावर, नको तिथे घेऊन हिंडावयाचे नाही. एका मनाईचे ठीक, एकात दोन नकोत. हे तिला पटले. मग तिने आपल्या देशी गोष्टी काढल्या. दोशचा श्रुलिक, तोच अर्धी चड्डी आणि कापडी टोपी घातलेला, सॅंडलवाला पोरगा. तो ज्यांनी काढला ते कारिएल गार्दोश स्वतः हंगेरीतल्या संहारातून वाचलेले होते, आणि त्यांनी ह्या देशाचे चित्र काढले ते असे मिस्किल, गुबगुबीत. दुदू गेव्हाचे बदकही झाले. ते बदक पुढे तेल अवीव महापालिकेच्या इमारतीच्या माथ्यावर फुगवून बसवले होते. दोन्ही गमतीची चित्रे आहेत आणि दोन्ही टॅटूला चांगली. का चांगली, ते परिचारिकेच्या नजरेने सांगतो, कारण ह्या भागात आमचा काही अधिकार आहे.

टॅटूची सुई कातडीत एक ते दोन मिलिमीटर जाते. वरची कातडी महिन्याभरात झडून नवी येते, म्हणून रंग तिच्याखालच्या थरात सोडावा लागतो. तेथे शरीराच्या भक्षक पेशी धावून येतात आणि परका पदार्थ म्हणून तो रंग गिळतात, पण त्यांना तो पचत नाही. २०१८ साली फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवले की अशी पेशी मेली की रंग बाहेर पडतो आणि शेजारची नवी पेशी तो उचलते. म्हणजे चित्र जागच्या जागी दिसते खरे, पण आतल्या आत रंग एकीच्या ओटीतून दुसरीच्या ओटीत जात असतो. ह्या देवघेवीत वर्षांगणिक थोडा पसरतोच. म्हणून बारीक कलाकुसर दहा वर्षांनी धुरकट होते. जाड रेघेचे, सपाट रंगाचे बदक बदकच राहते. लिक्टेनस्टाइनचे ठिपके अंगावर घ्यायचे तर मोठे आणि विरळ घ्यावेत, नाहीतर म्हातारपणी ती गोवराची पुटकुळी वाटेल.

रंगांचेही तसेच. पाश्चात्त्य मासिकांत चित्रे असतात ती गोऱ्या कातडीवरची. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर रंग हा चहाच्या रंगाच्या काचेतून पाहावा तसा दिसतो. काळा, गडद निळा, गडद तांबडा उठून दिसतात. फिका पिवळा, आकाशी, पांढरा मळकट होतात. पांढरा तर थोड्या वर्षांत पिवळटच पडतो. तेव्हा पांढऱ्या जागी रंग न भरता कातडीच मोकळी ठेवावी, हे शहाणपणाचे. तांबड्या रंगाने खाज, गाठी, ॲलर्जी होण्याचे प्रमाण इतर रंगांपेक्षा जास्त, हे लक्षात असू द्यावे. युरोपने जानेवारी २०२२ पासून ह्या शायांतल्या हजारो रसायनांवर निर्बंध घातले आणि वर्षभराने एक निळा आणि एक हिरवा रंगही त्यात घेतला. शाईच्या बाटलीवरचे बारीक अक्षर वाचावे, कारागिराला विचारण्यास लाजू नये. सुई आपल्यासमोर पाकिटातून काढली पाहिजे, शाई छोट्या टोपणात ओतून घेतली पाहिजे आणि उरलेली फेकली पाहिजे. कावीळ बी आणि सी सुईवाटे येतात, चित्रावाटे नव्हे. ज्यांच्या जखमेचे वण फुगतात, म्हणजे ज्याला डॉक्टर केलॉइड म्हणतात, आणि आपल्या लोकांत हे बरेच आढळते, त्यांनी ह्या वाटेला जाऊच नये. तिळावर, चामखिळीवर चित्र काढू देऊ नये. उद्या तो तीळ बदलला तर डॉक्टरांना दिसणार कसा? नंतरचे दोन-तीन आठवडे समुद्र नाही, ऊन नाही. आणि काही महिने रक्तदानासाठी थांबावे लागते. नात लष्करात असताना नेमाने रक्त देत असे. ह्या एका गोष्टीने मात्र ती जरा थबकली.

जागा कोणती, हा प्रश्न निघाला तेव्हा तिने डावा हात पुढे केला, कोपराच्या खालचा भाग. आम्ही म्हणालो, ‘तिथे नको.’

आम्ही १९७७ साली ह्या देशात आलो तेव्हा ऑशविट्झ हे नाव शाळेच्या इतिहासात एका ओळीपुरते वाचलेले होते. आपल्या बेने इस्रायलांवर भारतात कोणी बोट उगारले नव्हते, त्यामुळे ते दुःख आम्हांला ऐकूनही नीट कळत नसे. ते कळले वॉर्डात. ब्लड प्रेशरचा पट्टा बांधायला डावी बाही वर करावी आणि तेथे निळसर आकडे दिसावेत. ऑशविट्झ ही एकच छावणी अशी की जेथे कैद्यांच्या अंगावर पद्धतशीर आकडे गोंदले जात, बहुतेकांच्या डाव्या हाताच्या पुढल्या भागावर. एक बाई होत्या, मूळच्या हंगेरीच्या. त्या बाही वर करू देत नसत. आम्ही पट्टा उजव्या हाताला बांधू लागलो आणि तक्त्यावर तशी सूचना लिहून ठेवली, कारण लिहिले नाही. तीन पाळ्यांतल्या कोणीही ते कारण विचारले नाही. शुल्हान आरुखात म्हटले आहे की ज्याच्या अंगावर त्याच्या मर्जीविरुद्ध असे कोरले त्याच्याकडे दोष नाही. ते ठीकच आहे. पण आम्ही पुढे निवृत्त होईपर्यंत कोणत्याही म्हाताऱ्या रुग्णाची डावी बाही विचारल्याशिवाय वर केली नाही.

नातीने हे ऐकून घेतले. तिला नवे नव्हते. आमच्या जावयांची आजी तेथूनच वाचलेली, आणि नातीच्या आतेभावाने पणजीचा तो आकडा आपल्या हातावर तसाच गोंदवून घेतला आहे. असे करणारी नातवंडे, पतवंडे ह्या देशात बरीच आहेत. त्यांच्यावर २०१२ साली ‘नंबर्ड’ नावाचा एक माहितीपटही निघाला. आम्हांला ते पाहवत नाही, पण त्या मुलाला आम्ही काही बोललो नाही. ते त्यांच्या घरचे. नात म्हणाली, ‘त्याने तिकडच्या पणजीचे घेतले. मी इकडचे काय घेऊ? तुमच्याकडे तर वाईट काही घडलेच नाही. मला तुमच्याकडचे हसरे काहीतरी हवे.’ आणि मग तिने सांगितले की बदक, श्रुलिक हे सगळे आम्हांला तयार करण्यासाठी होते. तिच्या मनात होता तो कॉमिकमधला बोलाचा फुगा, लिक्टेनस्टाइनचा असतो तसा, टोकदार, तांबड्या-निळ्या ठिणग्या उडणारा. आणि त्यात इंग्रजी धडाम-धूम न लिहिता देवनागरीत, आमचा दिवसातून पन्नास वेळा तोंडी येणारा उद्गार, ‘अगं बाई!’

मराठीतले तिला एवढेच येते. दूध उतू गेले, निवडणुकीचा निकाल लागला, सायरन वाजला, कोणी बाळंत झाली, आमच्या तोंडून हेच निघते आणि तिने ते पाळण्यात असल्यापासून ऐकले आहे. वाचता एक अक्षर येत नाही. तिच्या आईला थोडेबहुत वाचता येते, तिच्या धाकट्या भावंडांना बोलताही येत नाही. आम्ही त्यांना शिकवावयास हवे होते असे म्हणणारे पुष्कळ आहेत. आठ-आठ तासांच्या पाळ्या करून हिब्रूत रिपोर्ट लिहिणाऱ्या बायकांना ते अवश्य सांगावे.

तिने टॅटूवाल्याचा कच्चा आराखडा दाखवला. कोणत्याशा यंत्राने लिहून काढलेले होते. ‘ग’ वरचा अनुस्वार नाही. फुग्यातल्या ठिपक्यांत तो एक ठिपका जास्त आहे असे समजून त्या मुलाने तो पुसून टाकला होता. ‘ई’ चा वरचा आकडा फुग्याच्या काठाला लागत होता म्हणून छाटलेला. राहिले काय, तर ‘अग बाइ’. शिरोरेषा त्याला फुग्याची नक्षी वाटली होती, ती त्याने मधे मधे तोडली होती.

आता आमच्यापुढे खरा पेच आला. मना असलेली गोष्ट, आणि तिला आपल्या हाताने अक्षर काढून द्यायचे! सिनेगॉगमधल्या एका जाणत्या गृहस्थांना विचारले. ते म्हणाले, मना आहे ते मनाच आहे, तुम्ही कागदावर लिहिले म्हणून ते मोकळे होत नाही. आम्ही नातीला हे जसेच्या तसे सांगितले आणि आम्हांला हे पसंत नाही हेही सांगितले. तिने ऐकले आणि म्हणाली की तारीख ठरलेली आहे. म्हणजे ते होणारच होते. प्रश्न उरला तो शुद्ध की अशुद्ध एवढाच. रेवदंड्याच्या मराठी शाळेत एका ऱ्हस्व-दीर्घासाठी आम्ही हातावर छड्या खाल्ल्या आहेत. आपल्या नातीने मोडकी मराठी अंगावर घेऊन जन्मभर फिरावे, हे आमच्याने सोसवेना. आम्ही चौकटीच्या कागदावर बोरूच्या वळणाने अक्षरे काढून दिली. शिरोरेषा सलग, अनुस्वार ठसठशीत, ‘ई’ च्या आकड्याला वर जागा. शेजारी हिब्रूत सूचना लिहिली: फुग्याच्या आत एकही ठिपका नको, जो आहे तो अक्षराचा आहे. अक्षर बोटाच्या पेराएवढे तरी उंच हवे. जागा उजव्या दंडाची, बाहेरची बाजू.

पुढच्या महिन्यात घरी मलिदा होता. नात बिनबाह्यांचा झगा घालून आली. आमच्या लेकीने तिला शाल दिली, ती तिने घेतली, पण उकाडा एवढा की ताटे मांडताना खाली घसरली. दिरांनी पाहिले. जमलेल्या तीस-चाळीस माणसांत ते वाचता येणारे आम्ही मोजून सहा-सात जण, त्यांतले ते एक. त्यांनी खिशातून चष्मा काढला, जवळ गेले, मोठ्याने वाचले आणि आमच्याकडे वळून म्हणाले, ‘वहिनी, हे अक्षर तुमचे दिसते.’ आम्ही होय म्हटले. ते काही बोलले नाहीत. जेवणानंतर मात्र त्यांनी तिला बाजूला बसवून प्रत्येक अक्षरावर बोट न टेकवता, हवेतच बोट धरून, कोणते अक्षर कोणते ते सांगितले. ‘अ’ पासून सुरुवात केली. ‘ग’ तिला जमला, ‘ई’ ला ती अडखळली.

तांबड्या ठिणग्यांची जागा तीन आठवडे खाजत होती. आम्ही दर शुक्रवारी दिव्याखाली पाहतो. गाठ नाही, सूज नाही. अनुस्वार जागेवर आहे.